वर्गणी वळती झाली

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आईचं एक मासिक यायचं. पाककृती, देवदर्शन आणि ‘सुनेशी कसं वागावं’ (हे ती मला वाचून दाखवायची, बायको स्वयंपाकघरात असताना). तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली तर सवलत आणि वर स्टीलचा डबा. डबा आला. मासिक मात्र वर्षभरात बंद पडलं आणि त्याच्या जागी मोटारींचं मासिक यायला लागलं. सोबत चिठ्ठी: ‘आपले उर्वरित अंक आमच्या लोकप्रिय प्रकाशनात वळते करीत आहोत.’

मी फोन लावला.

“सर, पैसे परत हवे असल्यास कूपन पाठवायचं होतं. शेवटच्या अंकात छापलं होतं.”

“तो अंक आम्हाला मिळालाच नाही.”

“अंक न मिळाल्याची तक्रारही त्याच कूपनवर होती, सर.”

भाचा सीए आहे. पोह्यांवर शेव घेत म्हणाला, “मामा, आगाऊ वर्गणी म्हणजे कंपनीच्या डोक्यावरचं देणं. अंक गेला की त्यापुरतं उत्पन्न. पैसे परत करण्यापेक्षा दुसऱ्या मासिकाच्या चार प्रती जास्त छापणं स्वस्त, शिवाय जाहिरातदाराला खप वाढलेला दिसतो. दिवाळं निघालं तर 2016 च्या कायद्यात रांग ठरलेली आहे. कामगार, तारणवाल्या बँका, सरकार, सगळे तुमच्या पुढे. मागे फक्त भागधारक.” वर अमेरिकेचा किस्सा: ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या नियतकालिकाने 1968 मध्ये निम्म्याहून जास्त वर्गणीदारच काढून टाकले, कारण जाहिरातदारांना ते नको होते. पुढच्या वर्षी ते स्वतःही बंद पडलं. हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही म्हणे. पण झेरॉक्स आणि रिक्षा?

इकडे आईने पैसे भरलेत म्हणून मोटारी वाचायला घेतल्या. पूर्वी पाककृती कापून जुन्या डायरीत चिकटवायची; आता कैरीच्या लोणच्याशेजारी ‘पावसाळ्यात टायरची निगा’ चिकटलंय. परवा सराफ्यात स्कूटरवरून उतरता उतरता म्हणाली, “क्लच किती दाबून धरतोस रे! प्लेट जळेल.” कचोरीवाल्यानेही मान डोलावली.

बऱ्याच फोनांनंतर कार्यालय नमलं. रक्कम परत, फक्त डब्याची किंमत वजा आणि वर्गणीदाराची सही हवी. मी फॉर्म आईपुढे ठेवला.

“डब्यात मेतकूट आहे,” ती म्हणाली. “आणि डिझेल इंजिनाचा उत्तरार्ध पुढच्या महिन्यात यायचाय.”