धोकादायक मालाचे सोज्वळ नाव

आपला माल धोकादायक आहे हे बंदराला कळवणे म्हणजे विकतचे दुखणे होय, ही गोष्ट निर्यातदाराने एकदा मनाशी पक्की करावी. कळवले की भाडे वाढते, शिपिंग लाइन पूर्वमंजुरी मागते आणि बंदराचे स्थानिक नियम, माल दारात येण्याआधी कुठे 24 तर कुठे 48 तास सूचना द्या, म्हणून अडून बसतात.

तेव्हा सुरुवात नावापासून करावी. बहुतेक बंदरांचे नियम ज्या आयएमडीजी संहितेवर, म्हणजे समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीवर, बेतलेले असतात, तिला व्यापारी नाव चालत नाही. तिला ठरवून दिलेले वहननाम, चार आकडी यूएन क्रमांक, नऊ वर्गांपैकी नेमका वर्ग आणि द्रव ज्वलनशील असेल तर त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ज्या तापमानाला पेट घेऊ शकते तो आकडाही, हवा असतो. एवढे पाल्हाळ कशाला? कॅल्शियम हायपोक्लोराइट असे लिहिण्याऐवजी ‘स्वच्छतेची पावडर’ लिहावे. हे रसायन उष्णतेने विघटित होऊ लागते, मग स्वतःच अधिक तापत जाते आणि प्राणवायू सोडून आगीला हातभार लावते, म्हणून जहाजावर ते इंधनाच्या तापवलेल्या टाक्यांपासून दूर ठेवतात. पावडरीचे असे लाड कोणी करत नाही. ती मिळेल त्या जागी बसते.

फलकांचेही तेच. कंटेनरच्या चारही बाजूंना निदान 25 सेंटिमीटर बाजूचा, पत्त्यांतल्या चौकटसारखा टोकावर उभा फलक लावा, असे नियम सांगतो. आपण मागच्या खेपेचा फलक नखाने खरवडून काढावा. अर्धा निघतो, अर्धा राहतो आणि उरलेल्या लाल कोपऱ्यावरून आत काय आहे, हे यार्डातल्या माणसाने ओळखायचे असते. टाकी रिकामी असेल तर प्रश्नच मिटला. न धुतलेल्या रिकाम्या टाकीत उरलेली वाफ भरल्या टाकीइतकीच घातक ठरू शकते, म्हणून तिच्यावरचे फलकही कायम ठेवायचे असतात, पण डोळ्यांना दिसत नाही त्या वस्तूवर विश्वास ठेवण्याचे वय आपले उरलेले नाही.

माहिती दडवण्याला परंपराही मोठी आहे. 6 डिसेंबर 1917 रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात शिरलेल्या आणि तिथेच स्फोट पावलेल्या ‘माँ ब्लाँ’ जहाजाने पोटात स्फोटके असूनही त्यांची खूण असलेला लाल बावटा लावला नव्हता. शत्रूच्या पाणबुड्यांना सुगावा लागू नये, एवढे तरी कारण त्यामागे होते. आपल्याकडे दोन भाड्यांतला फरक आहे, आणि तोही काही थोडाथोडका नसतो. एकमेकांना न मानवणारा माल एकमेकांपासून दूर ठेवण्याच्या तक्त्याबद्दल तर बोलूच नये. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’वर सुमारे 1,400 टन स्फोटके, कापसाच्या गासड्या आणि तेलाची पिंपे एकाच जहाजात गुण्यागोविंदाने नांदत होती. ती आग लागेपर्यंत कुणाचीही तक्रार नव्हती.

चुकून प्रामाणिकपणे घोषणा केलीच, तरी निराश होऊ नये. बंदराची कचेरी सांभाळून घेईल. बैरुतमध्ये 2,750 टन अमोनियम नायट्रेट आहे हे कोणापासून लपलेले नव्हते. त्यावर वर्षानुवर्षे पत्रव्यवहार झाला, 4 ऑगस्ट 2020 रोजी त्याचा स्फोट होईपर्यंत कागद इकडून तिकडे गेले आणि माल मात्र जागचा हलला नाही.

राहता राहिला आपत्कालीन संपर्काचा रकाना. तो दिवसरात्र उचलला जाणारा क्रमांक असावा आणि उचलणाऱ्याला मालाची माहिती असावी, अशी अपेक्षा असते. तेथे कार्यालयाचा क्रमांक टाकावा. पहाटे दोन वाजता आपल्या कंटेनरच्या फटीतून पांढरा धूर निघू लागेल, अग्निशमन दलाचा अधिकारी एका हातात पाण्याचे नळकांडे आणि दुसऱ्या हातात आपले घोषणापत्र घेऊन उभा राहील. आत कॅल्शियम कार्बाइड असल्यास पाण्याने ॲसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो, तेव्हा पाणी मारावे की नाही, एवढेच त्याला विचारायचे असेल. कागदावर ‘औद्योगिक खडे’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले असेल. तो फोन लावील, बराच वेळ घंटा वाजेल आणि अखेर रखवालदार झोपेतून उठून नम्रपणे सांगेल की साहेब दहा वाजता येतात.