गोटे फोडणाऱ्याची प्रतिक्रिया
‘बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेऊ नका, नोकऱ्या नाहीत’ हे वाक्य नागपूरच्या मुलांसाठी लिहिलेल्या लेखात? कमाल आहे. सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय, सिव्हिल लाइन्सला इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय, शिवाय कोळसा खाणींची वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) आणि मँगनीज खाणींची मॉयल या सरकारी कंपन्या. लेखक त्या रस्त्यानं कधी गेलेच नाहीत काय?

लिहायचं तर हे लिहा, की नुसत्या बी.एस्सी.वर भागत नाही. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेला एम.एस्सी. लागते. मला हे थेट तिसऱ्या वर्षी कळलं, प्रवेश घेताना कोणी बोललं नाही. बाबा मात्र तेव्हा बोलले होते, "गोटे फोडून पोट भरते काय रे?" आता शेतात बोअर कुठं मारायचा, ते मलाच विचारतात.