कयामतीची तारीख काढणाऱ्यांनो, जरा थांबा

पट्टणकोडोलीच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक होते. आमच्या निपाणी-चिकोडीकडची माणसंही ऐकायला जातात. पाऊसपाणी कसं, धारण कशी, रोगराई येणार का. भाकणूक म्हणून ऐकायची आणि घरी यायचं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं भांडण आहे ते कुरआनाचीच भाकणूक करून टाकणाऱ्यांशी.

हल्ली प्रत्येक ग्रुपवर तसला व्हिडिओ असतोच. मागे युद्धाचा धूर, वर उर्दूत घोगरा आवाज, खाली कन्नडमध्ये पट्टी. याजूज-माजूज (कयामतीआधी सुटून येणार म्हणतात त्या दंगेखोर टोळ्या) म्हणजे अमुक देश, कयामत यंदाच! (तेराव्या शतकात मंगोल आले तेव्हाही काहींना तेच याजूज-माजूज वाटले होते.) त्यातल्या निम्म्या निशाण्या कुरआनातल्या नसतात, हदीसमधल्या (पैगंबरांच्या सांगितल्या जाणाऱ्या वचनांमधल्या) असतात, पण फॉरवर्ड करणाऱ्याला कोण विचारतो? मोहल्ल्यातलं एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं पोरगं मला म्हणालं, "चाचा, सगळं संपणारच आहे तर मॅथ्स कशाला करू?" हसू आलं, आणि रागही.

कुरआनात तर सरळ लिहिलंय. लोक विचारतात ती कयामतीची घडी कधी, तर सांग, त्याचं ज्ञान फक्त माझ्या रबकडे, पालनकर्त्याकडे आहे. सूरह अअराफ, आयत 187. पुढे सूरह अहजाबमध्ये आणि नाजिआतमध्ये पुन्हा तेच. इतकं स्पष्ट सांगूनही आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसलोय.

"पण कुरआनात भविष्यवाणी आहे की!" आहे ना. सूरह रूम. इराण्यांनी रोमी लोकांना झोडपलं, 614 मध्ये जेरुसलेम घेतलं, मक्केतले मूर्तिपूजक खूश झाले. तेव्हा आयत आली की हरलेले रोमी थोड्याच वर्षांत जिंकतील. थोडी म्हणजे तीन ते नऊ. वर्ष दिलेलं नाही. पैगंबरांचे सोबती अबू बक्र यांनी मात्र जोशात त्या मूर्तिपूजकांशी पैज लावली आणि मुदत स्वतःच्या मनानं ठरवली. एका रिवायतीप्रमाणे (परंपरेनं आलेल्या हकिकतीप्रमाणे) सहा वर्षं. सहा गेली, रोमी काही जिंकले नाहीत, आणि मुसलमानांनीच अबू बक्र यांना बोल लावला: अल्लाहनं आकडा दिला नव्हता, तुम्ही का दिलात? मग रोमी बादशहा हेराक्लियसनं बाजी पलटवली. 622 ला मोहीम सुरू झाली, 627 ला निनवेजवळ इराण्यांचा मोठा पराभव झाला. ही गोष्ट मशिदीतल्या बयानात, प्रवचनात अर्धीच सांगतात. रोमी जिंकले एवढंच. पैजेची मुदत चुकली, ते राहून जातं.

अबू बक्रांचं हे, तर रशाद खलिफाचं काय सांगावं! 1974 पासून कॉम्प्युटर लावून कुरआनातली अक्षरं-शब्द 19 च्या पटीत बसतात असं गणित मांडलं, त्यावरून कयामत 1710 हिजरीत, म्हणजे इसवी 2280 ला येणार म्हणाला. गणित जुळेना तेव्हा सूरह तौबातल्या शेवटच्या दोन आयती मूळच्या नाहीतच, असं सांगून बाजूला काढल्या. हिशेब चुकला तर वही फाडायची, असला हा प्रकार. पुढे स्वतःला रसूल, म्हणजे अल्लाहचा दूतही म्हणवून घेतलं. 1990 मध्ये अमेरिकेत टक्सनला त्याचा खून झाला, ते वाईटच.

काळाचा विचार करायचाच तर कवी-विचारवंत इक्बालसारखा करा. मद्रास, म्हैसूरला त्यांनी व्याख्यानं दिली, 1930 ला ती छापून आली. भविष्य म्हणजे आधीच ओढून ठेवलेली रेघ नव्हे, ती अजून ओढली जातेय, असा त्यांचा रोख. पचायला जड आहे, मान्य. पण रबकडचा एक दिवस हजार वर्षांचा, दुसरीकडे पन्नास हजारांचा, या आयतींतून प्रकाशाचा वेग काढण्यापेक्षा पुष्कळ बरं.

तर जुम्याचं प्रवचन देणाऱ्या खतीबसाहेबांना एक विनंती. येत्या जुम्याला, शुक्रवारी सूरह रूम पूर्ण सांगा, पैजेसकट. आणि त्या पोराचा पेपर मार्चमध्ये आहे, तेही कानावर घाला.