सोळा तारीख आणि वीस तारीख

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्टला (२०१३) झाला, कोल्हापूरचे कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे, म्हणजे पानसरे अण्णा, २० फेब्रुवारीला (२०१५) गेले, म्हणजे मारेकऱ्यांनी तारीख साधून इशारा दिला, असं लिहिणारे आजही भेटतात. चांगली, कळवळ्याची माणसं लिहितात. तरीही ही जोडणी चूक आहे आणि ती सोडून द्यायला हवी.

अण्णांवर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर कोल्हापूरच्या सागरमाळ भागात गोळ्या झाडल्या त्या १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी. आधी कोल्हापुरात उपचार झाले, मग अण्णांना मुंबईला हलवलं आणि २० तारखेला त्यांचा मृत्यू झाला. मारेकऱ्यांच्या हातात होती ती १६ तारीख. मधले चार दिवस डॉक्टरांचे आणि ८१ वर्षांच्या एका चिवट शरीराचे. वीस तारीख मारेकऱ्यांच्या खात्यावर मांडली की ते चार दिवसही आपण त्यांनाच देऊन टाकतो.

वीस तारखेला अर्थ आहेच, पण तो कोल्हापूरकरांनी नंतर दिला. दर महिन्याच्या वीसला निर्भय मॉर्निंग वॉक निघू लागला. सकाळी फिरायला गेलेल्या माणसावर गोळ्या झाडल्या, तर आम्ही मिळून सकाळीच फिरायला निघणार. हे प्रतीक कुणी केलं, कशासाठी केलं, सगळं उघड आहे. म्हणून ते खरं.

हिंसेत अर्थ शोधताना आधी एवढं तपासावं: हा अर्थ करणाऱ्याच्या मनात होता, की बघणाऱ्यानं नंतर चिकटवला? पहिल्यासाठी पुरावा लागतो. सकाळची वेळ घ्या. त्यात ‘प्रबोधनाच्या पहाटेवर घाला’ वगैरे वाचण्याआधी साधं कारण बघा: ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, तुरळक वर्दळ. हल्ल्यानंतरच्या दिवसांत कारणंही ज्यानं त्यानं आपापली लावली. कुणी टोलविरोधी आंदोलन म्हटलं, कुणी अण्णांनी शिवाजी महाराजांवर लिहिलेली पुस्तिका, कुणी आंतरजातीय लग्नं. अण्णांचं काम इतकं पसरलेलं होतं की प्रत्येकाला आपला धागा सापडला. धागा सापडणं म्हणजे हेतू सिद्ध होणं नव्हे.

दाभोलकर, पानसरे, कन्नड विद्वान कलबुर्गी, बंगळूरच्या पत्रकार गौरी लंकेश ही खून झालेल्यांची चार नावं आपण एका दमात घेतो. ती जोडायची तर झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवरून आणि गोळ्यांवरून जोडावी लागतात. पिस्तुलाची पिन काडतुसाच्या बुडावर आदळते तिथं खूण उमटते, आणि नळीतल्या आट्यांचे ओरखडे गोळीवर उठतात. प्रयोगशाळेत दोन नमुने तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून या रेषा जुळवतात. बिघडतं कुठं? गोळी हाडावर आपटून चेपते. गावठी पिस्तुलाची नळी ढिली असते, गंज धरते, मग त्याच पिस्तुलाच्या दोन गोळ्यांवरही खुणा सारख्या येत नाहीत. धातूच्या चिमट्यानं गोळी उचलली तर नवा ओरखडा पडतो. मुद्देमालाच्या पाकिटावर लाखेचं सील, पंचांच्या सह्या, ताबा कुणाकडून कुणाकडं गेला त्याच्या नोंदी, यात एक जागा रिकामी राहिली की बचावाचा वकील तिथंच बोट ठेवतो. चारही खुनांत ७.६५ मि.मी.ची काडतुसं, एवढ्यावरून एकच पिस्तूल ठरत नाही. कलबुर्गी आणि लंकेश यांच्याबाबत एकच पिस्तूल असल्याचं कर्नाटकच्या तपासात पुढं आलं ते रेषा जुळवून. चौघांचे विचार जुळतात ही तपासाची सुरुवात झाली, पुरावा नव्हे.

‘माणूस मारता येतो, विचार नाही’ ही घोषणा मला आता ऐकवत नाही. उमाताईंच्या डोक्याला इजा झाली होती आणि त्या वाचल्या. हल्ला ‘विचारांवर’ झाला म्हटलं की उमाताई त्या वाक्यात मावतच नाहीत. फिर्यादीत मात्र मावतात, कारण तिथं जखम लिहावी लागते.

प्रतीक करण्याची हीच सवय उलट्या बाजूनं शहर पेटवते. गांधीहत्येनंतर १९४८ साली कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. गोळी झाडणारा दिल्लीत पकडलेला होता, इथं त्याच्या जातीची माणसं त्याच्या नावाची खूण ठरली. ७ जून २०२३ ला कोल्हापुरातच काही पोरांच्या मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगड पडले ते ज्यांचा त्या स्टेटसशी काही संबंध नव्हता त्यांच्या घरादुकानांवर. समोरचा माणूस कशाची तरी खूण वाटू लागला की त्याला नाव उरत नाही, आणि काच फोडणाऱ्याला आपण कुणाचं तरी नुकसान करतोय असं वाटतच नाही.

दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले, आणि सूत्रधारापर्यंत तपास यंत्रणा पोचल्या नाहीत असं न्यायालयानंच नोंदवलं. अण्णांच्या खटल्यात जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं सहा आरोपींना जामीन दिला. खटला संपत नाही आणि माणसं वर्षानुवर्षं कोठडीत, हे त्यामागचं मोठं कारण. येत्या फेब्रुवारीत पोस्ट लिहिणाऱ्यांनी मेणबत्तीच्या चित्राखाली एवढं तरी लिहावं: किती साक्षीदार तपासले, किती राहिले, पुढची तारीख कोणती.