अपडेट केलं की झालं, इतकं सोपं नाही

‘वेळच्या वेळी अपडेट करा, मग हल्ल्याची भीती नाही’ हे संगणक-सुरक्षेवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अपुरं वाटतं. जून 2017 मधला नॉटपेट्या या डेटा निकामी करणाऱ्या घातक प्रोग्रॅमचा हल्ला आठवा. युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो शिरला; ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं, तेच आधी सापडले! पुढे त्याने विंडोजच्या एसएमबीमधली, म्हणजे मशीनांनी एकमेकांत फाइली वाटून घेण्याच्या सोयीतली, त्रुटी वापरली. तिचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण पॅच लावलेली मशीनंही वाचली नाहीत, कारण एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डने राजरोस बाकीच्यांत घुसायचं, हीसुद्धा त्याची रीत होती. युक्रेनच्या हिशेबाशी न्हावाशेव्याचा काय संबंध? तरी जेएनपीटी या तिथल्या बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालंच.

अ‍ॅडमिनचे अधिकार किती जणांना द्यावेत, नेटवर्कचे वेगळे कप्पे कसे करावेत, यावर लेखात एक ओळही नाही. तेवढा परिच्छेद कृपया जोडा. लहान कंपन्यांची कामं करताना सगळ्या मशीनांवर एकच अ‍ॅडमिन पासवर्ड मी आजही बघतो, आणि पोटात गोळा येतो.