खरं म्हणजे उणे एक

माझ्या वाट्याला आलेल्या प्रोजेक्टमध्ये हिशेबाचा भाग व्हिज्युअल बेसिकमध्ये आहे, नवं काम सी शार्पमध्ये, आणि एका हुशार सहकाऱ्याने जाता जाता (म्हणजे नोकरी सोडून जाता जाता) एक तुकडा एफ शार्पमध्ये लिहून ठेवलाय. तरी सगळं चालतं. पुण्याई डॉटनेटच्या (या तिन्ही प्रोग्रामिंग भाषा ज्यावर चालतात तो मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म) कॉमन टाइप सिस्टिमची, म्हणजे डेटाचे प्रकार सगळ्या भाषांनी सारखेच मानायचे या कराराची. २००२ मध्ये डॉटनेट आलं तेव्हा व्हिज्युअल बेसिकचा १६ बिटांचा इंटीजर (पूर्णांक ठेवायचा टाइप) मुकाट्याने ३२ बिटांचा झाला. आता त्याचा इंटीजर आणि सी शार्पचा इंट ही एकाच टाइपची दोन नावं.

असा करार नसला की काय होतं ते ब्राउझरमध्ये दिसतं. सर्व्हरने ९००७१९९२५४७४०९९३ हा ग्राहक क्रमांक साध्या आकड्याच्या रूपात पाठवला, की जावास्क्रिप्ट शेवटचा ३ काढून २ करते. तिचा नंबर मुळात फ्लोट, म्हणजे दशांशाचा, ठरावीक अंकांपुरताच अचूक. दोनाच्या ५३व्या घातापलीकडे तिला प्रत्येक पूर्णांक झेपत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. ग्राहक तेवढा दुसराच.

पण टाइप जुळले म्हणून स्वभाव जुळतात थोडेच! 'ट्रू' (म्हणजे 'खरं') बेसिक आणि सी शार्प दोघांचा एकच. त्याचा आकडा करायला सांगा: व्हिज्युअल बेसिकचं सीइंट म्हणतं उणे एक (सगळे बिट चालू, म्हणून), आणि डॉटनेटचं कन्व्हर्ट म्हणतं एक. परिणामी आमच्या रिपोर्टात एकदा मंजूर अर्ज उणे चाळीस निघाले. साहेबांनी विचारलं, "म्हणजे आपण लोकांकडून मंजुऱ्या परत घेतल्या का?" ॲरेचंही (एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या जागांचंही) तेच. पाच लिहा, सी शार्प पाच जागा देतं. बेसिक शून्य ते पाच मोजून सहा.

एफ शार्पने नल (म्हणजे 'इथे काहीच नाही') जवळजवळ हद्दपार केलाय. सी शार्प तो बिनदिक्कत आणून देतं.

यावर कॉमन लँग्वेज स्पेसिफिकेशन नावाची आचारसंहिता आहे. बाहेर दिसणाऱ्या नावांत फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक नको, अनसाइन्ड (कधीच उणे न होणारा) इंट नको, वगैरे. कारण 'टोटल' कॅपिटल टीने लिहा की स्मॉल, बेसिकला दोन्ही सारखेच. कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम) हे तपासतो, पण आपण तसं सांगितलं तरच, आणि तेव्हाही नुसती वॉर्निंग देतो. आमच्याकडे वॉर्निंग वाचायची पद्धत नाही.

आता कुणीतरी हिशेबाचा भाग रस्ट नावाच्या भाषेत लिहायचं सुचवलंय. तिथे ना ही टाइप सिस्टिम, ना गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा). मधे सी भाषेची पद्धत पाळायची आणि स्ट्रिंगची (मजकुराची) मेमरी कुणी मोकळी करायची ते आधी ठरवायचं. त्यासाठी मीटिंग ठेवली आहे. दोन्ही टीमचं आत्ताच म्हणणं आहे की ते काम दुसऱ्यांचं.