गुंजेचा सहावा हिस्सा

१२४.९४ म्हणजे १२५ नव्हे. शाळेतल्या गणिताच्या बाईंनी जो आकडा डोळे झाकून १२५ धरला असता, त्याने शनिवारी पेनसिल्व्हेनियातल्या एका रेंजवर माझा अख्खा सामना खाल्ला. प्रॅक्टिकल पिस्तूल शूटिंगच्या नियमांत हे चक्क लिहून ठेवलंय: पॉवर फॅक्टर काढताना दशांश चिन्हापुढचं सगळं सोडून द्यायचं. १२४.९९९९ आलं तरी ते १२५ नाही. कुणीतरी आधीच भांडून गेलेला असणार, त्याशिवाय नियमात इतके नऊ येत नाहीत.

पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेन या बारीक मापात, गुणिले तिचा वेग सेकंदाला किती फूट तो, भागिले हजार. १२५ भरला तर मायनर, १६५ भरला तर मेजर. मेजर सांगून १६० भरला तर मायनरमध्ये ढकलतात. गुण कमी मिळतात, पण मिळतात. मी खेळतो त्या कॅरी ऑप्टिक्स गटात (पिस्तुलावर नेमाची काच लावलेल्यांचा गट) सगळेच मायनर. तिथे १२५ च्या खाली पायरीच नाही, थेट विहीर. सामना खेळू देतात, गुण शून्य.

आता चूक कुणाची? माझी. पण पूर्ण नाही, ते पुढे येईलच. काडतुसं आम्ही बरेचजण घरीच भरतो. ताकद कमी तर धक्का कमी, धक्का कमी तर दुसरी गोळी लवकर. म्हणून सगळी जनावरं १२५ च्या कुंपणाला अंग घासत चरतात. त्यातही गोळी जड घ्यायची, म्हणजे झटका मऊ बसतो. १४७ ग्रेनच्या गोळीचं ८५१ फुटांत भागतं, १२४ ग्रेनच्या गोळीला १००९ लागतात. जुलैत मोजलं तेव्हा माझा वेग ८७२ होता, म्हणजे पॉवर फॅक्टर १२८. शहाणी माणसं १३० च्या पुढे राहतात. मी दारूचा कण वाचवला आणि ऑक्टोबरची सकाळ विसरलो. थंडीत बहुतेक दारू मंदावते. (काही दारवा उलट उन्हात मंदावतात. इथे बंदुकीच्या दारूविषयी बोलतोय.)

क्लबच्या सामन्यांत हे कुणी तपासत नाही. मोठ्या सामन्यात मात्र क्रोनोचं, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्राचं, टेबल असतं. सकाळी पहिल्याच स्टेजवर तुमची आठ काडतुसं काढून घेतात, पिशवीत भरून नंबर लिहितात. ती पिशवी दोन तास उघड्यावर लोखंडी टेबलावर गारठत पडते, आणि मग तुम्ही पिस्तूल घेऊन हजर व्हायचं. खिशात उबेला ठेवलेली काडतुसं चालत नाहीत. तो सगळ्यांनाच लागू असलेला नियम आहे, हे मला मान्य आहे. मान्य असून राग येतो.

माझ्या दुर्दैवाने त्या दिवशी माझ्याबरोबर काका होते. मित्राचे वडील, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेले, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त. ‘घरात कंटाळतात, घेऊन जा’ म्हणून मित्राने माझ्या गाडीत बसवलेले. स्वेटर, कानटोपी आणि कानटोपीवरून इअरमफ. सकाळभर त्यांनी शूटिंगकडे ढुंकून पाहिलं नाही. माणसं धावत धावत पुठ्ठ्याला भोकं पाडतात आणि मग स्वतःच चिकटपट्टीने बुजवतात, यात पाहायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. क्रोनोच्या टेबलावर काटा दिसला आणि काका जागे झाले.

अधिकाऱ्याने एक काडतूस प्लॅस्टिकच्या हातोड्यात अडकवून तीनदा ठोकलं. गोळी सुटून हातोड्याच्या पोटात पडली, तिच्याबरोबर दारूचे राखाडी दाणे. फुंकर मारून गोळी काट्यावर. १४६.३.

“थांब,” काका म्हणाले. “काट्याला शिक्का आहे का विचार.”

मी विचारलं नाही. काकांनीच तर्जनीने काट्याची मागची बाजू दाखवली. अधिकारी भला माणूस. त्याने तपासणीचं वजन काढून काट्यावर ठेवून दाखवलं, वर सांगितलं की वेगाचं यंत्रही सकाळी ठरलेल्या काडतुसांनी पडताळलंय. मी भाषांतर केलं. काकांचे डोळे भरून यायचे बाकी राहिले.

“रोज पडताळणी! आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक काट्याची वर्षातून एकदा करायची, तर व्यापारी दुकान बंद करून लग्नाला जायचे. हे ग्रेन म्हणजे आपला तोळा १८० ग्रेनचा, तेच ना?”

तेच.

“मग तुझी गोळी नऊ मासे, सहा गुंजा आणि वर कणी. डब्यावर किती छापलंय?”

“१४७.”

“आणि भरली १४६.३. उघडउघड वजनात मारलंय. पंचनामा करायचा.”

पहिल्या तीन गोळ्या: ८५१, ८४८, ८५३. नियम असा, की तिघींची सरासरी धरायची. १२४.४५. नापास. मग आणखी तीन झाडायच्या आणि सहातल्या वेगवान तीन घ्यायच्या. ८४६, ८५२, ८५४. आता १२४.७९. नापास. अधिकारी प्रत्येक वेळी पिस्तुलाची नळी खालून वर आणत होता. त्याने दारू पुंगळीत पुढे सरकते, ठिणगी देणाऱ्या प्रायमरपासून लांब जाते आणि वेगाचे काही फूट जातात. हे मी बोललो नाही. बोललो असतो तर काकांनी त्याचीच बाजू घेतली असती.

उरलं आठवं काडतूस. इथे स्पर्धकाने ठरवायचं: ते फोडून गोळी तोलायची आणि जड निघाली तर ते वजन धरायचं, की झाडून वेग पाहायचा. वेगाच्या बाजूने मला ८५७ हवे होते, जे आदल्या सहांतल्या एकीनेही दिले नव्हते. वजनाच्या बाजूने १४६.६ पुरत होते.

“तोल,” काका म्हणाले. “तीन दशांश ग्रेन हवाय. गुंजेचा सहावा हिस्सा. छापील वजन १४७ आहे, एक हलकी निघाली म्हणून दुसरी निघत नाही.”

मागे रांगेत एकजण हसत होता. साताऱ्याच्या कानटोपीवाल्या माणसाकडून बॅलिस्टिक्सचा सल्ला घ्यायला माझा अहंकार तयार नव्हता. मी म्हटलं, झाडा.

८५५.

८५५, ८५४, ८५३. सरासरी ८५४, गुणिले १४६.३. १२४.९४. अधिकाऱ्याने मनापासून ‘सॉरी’ म्हणत कागदावर १२४ लिहिलं.

काका कागदाकडे बघत म्हणाले, “गोळी गेली मातीत. आता तिचं वजन कोण करणार?”

१९७६ साली मिसूरीतल्या कोलंबियात या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. ब्रीदवाक्य लॅटिन आणि त्याचा अर्थ अचूकता, ताकद, वेग. म्हणजे ताकद मोजली पाहिजे, हे ठीकच. पण आज कमरेला दोन थरांचा वेल्क्रो पट्टा, पिस्तुलावर लाल ठिपक्याची काच, मॅगझिन १४१.२५ मिलिमीटरच्या मापात बसेल इतकंच वाढवलेलं, असा सरंजाम लावून आम्ही पुठ्ठ्याशी लढतो. त्या पुठ्ठ्याला १२४.९४ आणि १२५ यांतला फरक कळत असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं. ‘ही लढाईची तयारी आहे’ म्हणणारे आणि ‘हा निव्वळ खेळ आहे’ म्हणणारे यावर वर्षानुवर्षं भांडतात, आणि दोघंही भरतात १२८ च.

खरं झोंबलं ते पुढे. शून्य गुणवाल्यालाही चिकटपट्टीचं काम चुकत नाही. प्रवेश फी भरून मी उरलेल्या सगळ्या स्टेजवर लोकांची भोकं बुजवली, गोळी लागली की पडणारे लोखंडी पॉपर उभे केले, आणि एकावर एक अशा दोन ‘ए’ (पाच गुणांच्या भागात) मारल्या तेव्हा गुण टिपणाऱ्या टॅबलेटवाल्याने ‘छान’ म्हटलं. पाच अधिक पाच, शून्य.

घरी येऊन त्याच डब्यातल्या गोळ्या तोलत बसलो. १४६.९. १४७.१. १४६.८. पन्नासांत १४६.५ च्या खाली तीन निघाल्या. काका शेजारी बसून वहीत मांडत होते, रकाने आखून. प्रत्येक आकड्याला ‘हं’ म्हणत होते. तो ‘हं’ मला अजून ऐकू येतो.

आणि हो, परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा काकांनी खाली उतरून पंपावरच्या तपासणीच्या स्टिकरवरची तारीख वाचली, मान डोलावली, आणि आत जाऊन कॅशिअरकडे खुणांनी पाच लिटरचं माप मागितलं. त्याने त्यांना कॉफीचा सगळ्यांत मोठा पेला दिला.